स्वच्छ बोट

“वर देख. आढाकडे देख. आते हालू नको,” धनुबाई म्हणाल्या आणि उजव्या हाताचं बोट त्यांनी रंजनाच्या डोळ्यापाशी नेलं.

बोटाच्या टोकावर पाण्याच्या थेंबाएवढी लेन्स होती. रंजना मागच्या दाराच्या पायरीवर मान मागे टाकून बसली होती आणि दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले होते. डोळ्याजवळ काही आलं की माणसाचा हात आपोआप वर येतो. तो तसा येऊ नये म्हणून ही तजवीज. तिच्या हातांचा तिला स्वतःलाच भरवसा नव्हता. ते मिरचीचे हात होते.

नंदुरबारच्या शिवेवर मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत एकरच्या एकर जमीन लाल होऊन जाते. तिथे रंजनाने एकवीस हंगाम देठ खुडले होते, डागी मिरची वेगळी काढली होती. ती आग साबणाने जात नाही, ताकाने जात नाही, तेल चोळलं तरी जात नाही. लिडिया तान्ही होती तेव्हा हंगामात रंजना तिला चमच्याने भरवायची आणि तिचे डोळे पुसायला शेजारणीला हाक मारायची. आता लिडिया नर्सिंग शिकायला बाहेरगावी होती, आणि नवरा जोसेफ नवापूरकडच्या डोंगरातल्या गावी शेती बघत होता. हंगामापुरती रंजना धनुबाईंच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. तेव्हा तिच्या डोळ्यात बोट घालायचं तर ते धनुबाईंनाच घालावं लागणार होतं.

लेन्स बसली. रंजनाने दोनदा पापणी मिटली, डोळ्यातून आलेलं पाणी गालावरून ओघळू दिलं, आणि मग हात बाहेर काढले.

हे सगळं धनुबाईंच्या सुनेने, रुचिकाने, सुरू केलं होतं. रुचिका डोळ्यांचा नंबर काढायचं शिकलेली. लग्नानंतर तिने पुढचं शिक्षणही सोडलं नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेसाठी प्रबंध लिहीत होती. उन्हात गेलं की आपोआप काळसर होणारी आणि सावलीत आलं की पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ होणारी लेन्स घातल्यावर माणसाला दिसतं किती चांगलं, हा तिचा विषय. तिला तीस माणसं हवी होती. अठ्ठावीस मिळाली होती. अशातच एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिने रंजनाकडे नीट पाहिलं. भर उन्हात रंजनाच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली होती आणि उजव्याची तशीच, वाटाण्याएवढी उघडी.

रंजना एकोणीस वर्षांची असताना औताच्या बैलाने शेपटी झटकली होती, तिचा फटका त्या डोळ्यावर बसला होता. डोळा वाचला, पण बाहुली कायमची उघडी राहिली. सावलीत तिला बरं दिसायचं. उन्हात मात्र त्या डोळ्यात प्रकाश नुसता घुसायचा. दुपारी पथारीवर प्रत्येक मिरचीला पांढरी दाढी फुटल्यासारखी दिसायची, आणि पांढरी पडलेली मिरची कोणती, चांगली कोणती, ते कळायचं नाही. म्हणून ती एकवीस वर्षं उजवा डोळा मिटून काम करत आली होती. बाया तिला मजेत म्हणायच्या, रंजी मुकादमले डोया मारस. तीही हसायची.

रुचिकाने तिला आपल्या खोलीत नेलं, यंत्रापुढे बसवलं आणि त्या दिवशी ती सासूशी जेवताना भराभरा बोलत राहिली. बाहुली मोठी राहिली की कडेकडेचे किरणही आत शिरतात, ते एका जागी मिळत नाहीत, म्हणून चित्र पसरतं. बाकीच्या माणसांत गंमत अशी, की लेन्स काळी झाली की बाहुलीला वाटतं उजेड कमी झाला, ती थोडी मोठी होते, आणि मिळालेला फायदा थोडा हातचा जातो. रंजनाच्या बाहुलीला तर हलताच येत नाही. म्हणजे तिथे नुसता फायदाच दिसेल. धनुबाईंना यातलं अर्धं कळलं. सून आनंदात आहे, एवढं पूर्ण कळलं.

फॉर्म भरताना धनुबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या. धुळीत, तिखटात काम करणाऱ्यांना या अभ्यासात घ्यायचं नाही, असा नियम होता. रुचिकाचं पेन तिथे क्षणभर थांबलं. मग तिने ‘व्यवसाय’पुढे ‘गृहिणी’ असं लिहिलं आणि रंजनापुढे सहीसाठी कागद सरकवला. रंजनाने मराठी शाळेत शिकल्याप्रमाणे एकेक अक्षर जोडून सही केली. वर काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही. धनुबाईंनी वाचलं. त्या वात वळत राहिल्या.

“तिच्या हाताने लेन्स घालायची नाही,” रुचिका म्हणाली. “आई, तुमचे हात स्वच्छ असतात. तुम्हीच घाला.”

धनुबाईंचे हात स्वच्छ होते यात काही शंका नव्हती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, महादेवाची पूजा, स्तोत्र, मगच चहा. सोमवार आणि एकादशी कधी चुकली नाही. दर पौर्णिमेला प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन तापीचं दर्शन घ्यायचं आणि तांब्याच्या गडूत तीर्थ भरून आणायचं, हा नेम नवरा गेला त्या वर्षीपासूनचा. गुजरांच्या घरातली मोठी बाई; गावात कोणाशी आवाज चढवून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पहिल्या दिवशी रंजनाच्या पापणीला हात लावून झाल्यावर त्या मोरीत गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. दुसऱ्या दिवशीही. रंजना पायरीवरच होती. तिने मान दुसरीकडे फिरवली आणि चपला घातल्या. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी हात धुवायचं राहून गेलं, आणि मग राहतच गेलं. रोज सकाळी दुसऱ्या बाईचा श्वास तोंडावर घ्यायचा, तिच्या डोळ्याच्या पांढऱ्यातल्या बारीक शिरा बघायच्या, म्हणजे काही कमी ओळख होत नाही. रंजना गावाहून येताना मोहाची वाळवलेली फुलं आणायची, धनुबाई तिला उपासाची भगर द्यायच्या. लिडियाची परीक्षा कधी, जोसेफच्या गुडघ्याला आता कसं आहे, हे धनुबाईंना पाठ झालं.

आणि लेन्सने काम केलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी रंजना आली ती पायरीवर बसूनच राहिली. “मिरची मिरचीसारखी दिखी ऱ्हायनी, मावशी,” ती म्हणाली. “तिन्हा आजूबाजूले काहीच नही.”

पुढे पुढे तिने खुब्याही शोधल्या. उन्हातून एकदम गोदामात गेलं की लेन्स लगेच स्वच्छ होत नाही, चार-पाच मिनिटं सगळं काळवंडलेलं दिसतं, चांगली मिरचीही डागी वाटते. तेवढा वेळ ती दाराशी उभी राहून पाणी प्यायची. मुकादम उदेसिंगने पौषात तिला देठ खुडणाऱ्या बायांतून उठवलं आणि शेवटची नजर टाकायला बसवलं. पोती शिवण्याआधी माल तिच्यासमोरून जायचा. तिने हात हलवला की पोतं बाजूला. एकवीस वर्षांत रंजनाच्या हात हलवण्याने काही थांबलं असेल तर एखादी शेळी. आता चाळीस बाया तिच्या हाताकडे बघत होत्या. पुढच्या हंगामात टोळी तिच्याच हाताखाली देतो, असं उदेसिंग बोलला होता.

दर पंधरा दिवसांनी रुचिका तिला यंत्रापुढे बसवायची. फिकट होत जाणारी अक्षरं वाचायला लावायची, बाजूने प्रखर दिवा लावून पुन्हा वाचायला लावायची. रंजनाच्या डोळ्याची रेघ आलेखाच्या कागदावर सगळ्यांच्या वर गेली. रुचिकाने ती पुण्याच्या सरांना पाठवली, सरांनी ‘फारच सुंदर’ असं कळवलं.

माघात बारा आठवडे पुरे झाले. अभ्यास संपला. रुचिकाने रंजनाला डबीतली चालू लेन्स पंधरा दिवसांची झाली की फेकून द्या असं सांगितलं, तिचे आभार मानले, एक साडी दिली आणि प्रबंध सादर करायला ती महिनाभरासाठी पुण्याला गेली. नव्या लेन्स संस्थेकडून यायच्या. त्या बंद झाल्या. एवढ्या दिवसांत रंजनाच्या उजेडाचं पुढे काय, हा प्रश्न कोणाच्या कागदावर आला नव्हता.

पंधरा दिवस संपले त्या सकाळी रंजना नेहमीप्रमाणे पायरीवर येऊन बसली. हात मांड्यांखाली.

“मावशी, एवढा हंगाम जाऊ द्या,” ती म्हणाली. “होळीलगून. मंग फेकी दिऊत.”

धनुबाईंना नाही म्हणवेना. होळीला चार आठवडे होते. त्यांनी लेन्स घातली. पण बाटलीतलं औषधी पाणी, ज्यात लेन्स धुवायची आणि संध्याकाळपासून ठेवायची, ते तळाला आलं होतं. चार दिवसांत संपलं.

नवी बाटली बाजारात मिळाली असती. नवनीतला, मुलाला, एक शब्द सांगायचा. पण नवनीत ते बायकोला फोनवर सांगणार, आणि मग रुचिका विचारणार की लेन्स अजून घालता कशाला. सुनेचं बोलणं ऐकून घेणं धनुबाईंच्या जिवावर यायचं. भांडण म्हणून नाही. आवाज चढला की त्यांचं पूजेतलं मन जायचं. घरात काही वाजू नये म्हणून बाई आयुष्यभर काय काय करते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्या बाटली हातात घेऊन देवघरात उभ्या राहिल्या. समोर तांब्याचा गडू होता. पौर्णिमा होऊन सहाच दिवस झाले होते. तापीचं पाणी, वस्त्रगाळ केलेलं, तांब्यात ठेवलेलं. ज्या पाण्याने देवाला अंघोळ घालायची त्याच्याहून स्वच्छ पाणी त्यांच्या घरात दुसरं नव्हतं, जगातही असेल असं त्यांना वाटलं नाही. उकळून घ्यावं असंही मनात आलं नाही. तीर्थ कोणी उकळत नाही.

त्यांनी डबीत तीर्थ भरलं. लेन्स सोडण्याआधी डबी कपाळाला लावली.

नऊ दिवस तसं चाललं. रंजनाला त्यांनी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे; रंजना ख्रिस्ती, तिला उगीच अवघडल्यासारखं होईल असं वाटलं. दहाव्या दिवशी रंजनाचा डोळा लाल होऊन आला. धनुबाईंनी लेन्स काढून टाकली, डोळ्यावर दुधाची पट्टी ठेवली. तेराव्या दिवशी रंजना खोलीत गोणपाट खिडकीला लावून भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढ्याशा डोळ्यात एवढी कळ कशी मावते, असं तिने विचारलं. तक्रार म्हणून नाही, खरंच नवल वाटून.

रुचिका पुण्याहून आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. बॅटरी लावून तिने डोळा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. “मिरचीचा हात लावला ना?” असं तिने विचारलं. रंजना म्हणाली, लावला नाही, पण झोपेत लागला असेल तर कोण जाणे. हे उत्तर ऐकून रुचिकाला बरं वाटलेलं धनुबाईंनी पाहिलं. आणि स्वतःलाही बरं वाटलं, हे त्यांना पुढे फार दिवसांनी कळलं.

धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात तिघी गेल्या. रंजनाने धनुबाईंना सोबत यायला सांगितलं होतं. अनोळखी ठिकाणी तिला मावशी हवी होती. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “लेन्सला साधं पाणी लागलं होतं का? नळाचं, विहिरीचं, नदीचं, कुठलंही?”

रंजना लगेच म्हणाली, “नही साहेब. मावशी बाटलीना पानीमाच ठेवेत. मावशीनं काम एकदम स्वच्छ.”

डॉक्टरांनी धनुबाईंकडे पाहिलं. धनुबाईंनी पदर सारखा केला. तेवढा वेळ पुरला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिखटामुळे झालेली जखम, त्यावर जंतू बसले असावेत, असं म्हणून थेंब दिले.

त्या थेंबांनी काही झालं नाही. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा थेंब बदलले. त्यांनीही नाही. धनुबाई रोज पूजेला बसायच्या आणि स्तोत्र मध्येच कुठेतरी चुकायचं. पाण्यात असं काय असेल, असं त्या स्वतःला विचारायच्या. इतकी माणसं तिथे अंघोळ करतात, पितात. मग स्वतःच उत्तर द्यायच्या, की पाण्याचा काही संबंध नसणार, आणि संबंध नसेल तर सांगून उपयोग काय. नदीवर आळ कशाला. असं करता करता सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी एकादशी होती. रुचिका स्वयंपाकघरात येऊन नुसतंच बोलल्यासारखं बोलली. डॉक्टरांना अजून पाण्यातल्या एका किड्याचा संशय येतोय. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, देवाच्या पाण्यातही असतो, नळाच्याही. डोळ्याला तसा काही करत नाही, पण लेन्सखाली सापडला की बुबुळ खात जातो. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते लवकर सुरू करावं लागतं.

धनुबाई भगर धूत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि मान वर न करता सगळं सांगितलं.

रुचिका आवाज चढवेल असं त्यांना वाटलं होतं. तिने चढवला नाही. ओट्याला टेकून उभी राहिली, मग बाहेर जाऊन तिने डॉक्टरांना फोन लावला. आत आल्यावर म्हणाली, “औषध मुंबईहून येईल. आणि आई, तिला आत्ता काही सांगू नका. त्या फॉर्मवर ‘गृहिणी’ मी लिहिलंय.”

एकमेकींचं झाकायला दोघींना पहिल्यांदाच एकमेकींची गरज लागली होती.

औषध आलं. तासातासाला थेंब, तीन महिने. थेंब धनुबाईंनीच घातले, त्याच बोटाने पापणी वर उचलून. कळ थांबली. डोळा जागेवर राहिला. पण बुबुळावर मधोमध खोबऱ्याच्या कापासारखा पांढरा डाग पडला आणि त्यातून रंजनाला दिवस आहे की रात्र एवढंच कळू लागलं. उघडी राहणारी ती बाहुली आता डागाआड दिसतही नव्हती. तिकडे प्रबंध मंजूर झाला. रंजनाची रेघ त्यात होती, नावाच्या जागी आकडा. एकोणतीस.

ज्येष्ठात रंजना गावी जायला निघाली. उदेसिंगने निरोप पाठवला होता की पुढच्या हंगामाला देठ खुडायला ये, बसायला जागा देऊ. धनुबाई मागच्या अंगणात तुळशीपाशी होत्या. खोलीचं दार उघडं होतं आणि रंजनाचा फोन मोठ्या आवाजावर होता, कारण एक हात सामान बांधत होता. लिडिया पलीकडून आईला रागावत होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला आता सगळं माहीत होतं. किती वेळा सांगितलं होतं, तिखटाचा हात डोळ्याकडे न्यायचा नाही, एवढं कळत नाही का, आता जन्मभर हे घेऊन बस. रंजना हूं हूं करत होती.

“मन्हाच हात लागना व्हई, बेटा,” ती म्हणाली. “नींदमा. आते कोनले दोस देऊ.”

धनुबाईंनी तांब्या खाली ठेवला. त्या खोलीच्या दारात गेल्या. एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत गेल्या नव्हत्या. आज आत जाऊन चटईच्या कडेला बसल्या. रंजनाने फोन बंद केला, हसून चहा ठेवला. धनुबाईंनी हे बोलणं मनात कितीतरी वेळा जुळवून ठेवलं होतं, त्यातला एकही शब्द हाताशी आला नाही.

“रंजना, तुन्हा हात लागना नही,” त्या म्हणाल्या. “बाटली सरी जायेल व्हती. मी तापीनं पानी वापरं. देवघरमाधलं. त्यानीच व्हयनं.”

रंजना स्टोव्हपाशी उकिडवी बसली होती. तिने मान पूर्ण वळवली. आता कोणाकडे बघायचं तर तिला पूर्ण मान वळवावी लागायची. चहा उकळून वर आला तेव्हा तिने स्टोव्ह बारीक केला.

“चांगलं म्हनीसनच करं व्हई तुम्ही,” ती म्हणाली.

धनुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, झालं, मिटलं. पण रंजनाचं बोलणं संपलं नव्हतं. ती सावकाश, काहीतरी मोजत असल्यासारखं, म्हणाली, “धुळाले डॉक्टरनी ईचारं, तव्हय तुम्ही तठेच व्हत्यात ना?”

“व्हतू.”

“मन्हा बाजूलेच.”

“हा.”

रंजनाने पुन्हा मान वळवली, स्टोव्हकडे. दोन कप काढून ठेवले होते, त्यातला एक तिने उचलला आणि फळीवर उलटा घातला. गाळणी उरलेल्या कपावर धरली, पातेल्याची कड आधी कपाच्या कडेला टेकवून बघितली आणि मग ओतलं. थोडा चहा बाहेर सांडला. तो तिने पदराने पुसला आणि पाठमोरी बसून प्यायला लागली.

धनुबाई बसून राहिल्या. बाहेर कोणीतरी जीपचा हॉर्न वाजवला, तो रंजनासाठी नव्हता. चहा संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

“जातांना दरवाजा लोटी ल्या, मावशी,” रंजना म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

धनुबाई उठल्या. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. आतून रिकामा कप फळीवर ठेवल्याचा आवाज आला. एकदा फळीच्या कडेवर आपटल्याचा, आणि मग, अंदाज घेऊन, नीट.